फास्ट ए, स्लो सी आणि ११६वा रस्ता

सदतीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी केलेल्या बाईला लोकलची भीती घालू नये. माझा मुलगा मात्र आम्ही विमानतळावर उतरल्यापासून तेच करत होता. "आई, सबवेत एकटी जायचं नाही. गाड्या मध्येच लाइन बदलतात, बोगद्यात फोनला रेंज नसते, आणि उंदीर..." मी म्हटलं, "तुझ्या वेळेला आठवा महिना संपेपर्यंत मी लेडीजमध्ये उभी राहून गेलेय. मला उंदराचं काय सांगतोस?" सून हसली. तो नाही हसला.

सप्टेंबर २०२३ची गोष्ट. मुलगा जर्सी सिटीत राहतो, जर्नल स्क्वेअरजवळ. घरातून खाली उतरलं की न्यूअर्क अव्हेन्यूवर कढीपत्त्यापासून पाणीपुरीपर्यंत सगळं मिळतं, त्यामुळे परदेशात आल्यासारखं वाटायला नदी ओलांडावी लागते. हडसन नदीच्या तळाखालून पाथ नावाची गाडी मॅनहॅटनला जाते आणि ती १९०८पासून जातेय. आपल्याकडे व्हीटी ते कुर्ला विजेवरची पहिली लोकल धावली ती १९२५ साली. ह्यांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "मग मेंटेनन्सही तेवढाच जुना असेल." त्यांचा गुडघा दुखत होता, झोपेचं गणित अजून भारतातच होतं आणि आशिया कप चालू होता. तीन कारणं जमली की आमच्याकडे माणूस घराबाहेर पडत नाही.

बुधवार

मुलाला ऑफिसातून लवकर सुटता आलं म्हणून पहिला दिवस त्याच्याबरोबर. पाथने ३३व्या रस्त्याला उतरलो आणि चालत लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर गेलो. मॅनहॅटनचं एक बरं आहे, पत्ता म्हणजे गणित. रस्ते आडवे, अव्हेन्यू उभे, आणि वीस रस्ते उत्तरेला गेलात की एक मैल झाला. अठ्ठाविसाव्या रस्त्याच्या आसपास देशी दुकानांची रांग आहे, तिला करी हिल म्हणतात. तिथलं कलुस्त्यान्सचं मसाल्याचं दुकान ज्या इमारतीत आहे, तिथे १८८१ साली चेस्टर आर्थर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली होती. आता तिथे हिंग मिळतो. मी काळा मसाला शोधला, नव्हता.

तिथून ग्रँड सेंट्रल या रेल्वे स्टेशनला जायचं म्हणजे सहा नंबरची गाडी, २८व्या रस्त्याचं स्टेशन, उत्तर दिशा. मुलगा फोनवर बोलत मागे राहिला होता. समोर जिना आणि वर पाटी, डाउनटाउन. मी विचार केला, अप म्हणजे व्हीटीकडे, दक्षिणेला. डाउन म्हणजे कल्याणकडे, उत्तरेला. आपल्याला जायचंय उत्तरेला. क्रेडिट कार्ड टेकवलं, टुक असा आवाज आला, दांडा फिरला, मी आत. पाठीमागून हाक आली, "आई! कुठे चाललीस?"

मॅनहॅटनमध्ये अपटाउन म्हणजे उत्तर. आणि या स्टेशनात दोन फलाटांना जोडणारा पूलही नाही, भुयारही नाही. बाहेर या, रस्ता ओलांडा, पलीकडच्या जिन्यानं उतरा आणि पुन्हा पैसे भरा. तेव्हा दोन डॉलर नव्वद सेंट, त्या आठवड्याच्या भावानं दोनशे चाळीस रुपये. डोंबिवलीत चुकीच्या फलाटावर उतरलं तर फार तर धाप लागते.

पण भाड्याची ही पद्धत मला नंतर आवडायला लागली. अंतर कितीही असो, भाडं एकच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गाड्या बदलत, दिवसभर आत फिरलात तरी तेवढंच. सात दिवसांत एकाच कार्डावर बारा वेळा पैसे गेले की पुढचे सगळे प्रवास फुकट. मुलगा म्हणाला, "बघ, चुकलेला टॅपसुद्धा बारात मोजतात." त्यानं मला गप्प करण्यासाठी सांगितलं, पण माझ्या डोक्यात आकडा बसला. बारा.

ग्रँड सेंट्रल १९१३चं. दालन बघून मान दुखते. हिरवट निळ्या छतावर सोनेरी राशी काढल्यात, त्याही उलट्या, आरशात दिसाव्यात तशा. छत साफ केलं तेव्हा एक छोटा चौकोन मुद्दाम काळा ठेवलाय, आधी किती मळ होता ते कळावं म्हणून. ही कल्पना कुणा गृहिणीची असणार असं मला वाटतं, पुरावा नाही. खालच्या मजल्यावर ऑयस्टर बारच्या दाराशी कमानीखाली चार कोपरे आहेत. एका कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यातल्याला स्पष्ट ऐकू येतं. मुलाला मी तिकडे उभं केलं. जगभराचे लोक तिथे प्रेमाचं बोलतात म्हणे. माझ्या कोपऱ्यात आवाज आला, "आई, घरी जाताना दूध घ्यायचंय."

मला मात्र सगळ्यात जास्त आवडली ती एक बारीक गोष्ट. इथून उपनगरांत जाणाऱ्या गाड्या पाटीवरच्या वेळेपेक्षा एक मिनिट उशिरा सुटतात. रोज, ठरवून. धावत येणाऱ्यांसाठी ठेवलेलं एक मिनिट. पळत येऊन डब्याचा दांडा पकडलेल्या माझ्यासारखीला याची किंमत विचारा.

शुक्रवार

ह्यांनी पहाटे साडेपाचलाच टीव्ही लावला होता. भारत-बांगलादेश. मी डबा घेतला (मेथीचे ठेपले, हो, मराठी बाई ठेपले नेते, आमच्या शेजारीण गुजराती होत्या) आणि मुलगा कामाच्या कॉलवर असताना चप्पल सोडून बूट घातले. सुनेला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "आई, लोकेशन चालू ठेवा." मुलं आपल्याला सोडतात ती अशी.

पाथनं वर्ल्ड ट्रेड सेंटर. गाडीतून उतरून वर आलं की सांतियागो कालात्रावा यांनी बांधलेलं ऑक्युलस, पांढऱ्या बरगड्यांचं. माशाच्या सांगाड्यात उभं राहावं तसं वाटतं. दोन मिनिटं बघितलं आणि निघाले, कारण आत सगळी दुकानंच आहेत.

बाहेर दोन तळी आहेत, २००१च्या हल्ल्यात पडलेले दोन मनोरे जिथे उभे होते नेमकी त्या जागी. चारी बाजूंनी पाणी खाली पडतं आणि मधल्या चौकोनी खड्ड्यात नाहीसं होतं. तळ दिसत नाही. कठड्यावर ब्राँझमध्ये कोरून काढलेली २,९८३ नावं. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या नावात पांढरं गुलाबाचं फूल खोचतात. त्या दिवशी मला तीन फुलं दिसली. नावं वाचत चालले तर आपल्याकडची आडनावं भेटत गेली, आणि मग उत्तरेच्या तळ्याशी सहा नावं वेगळी, १९९३ची. २६ फेब्रुवारी १९९३ला इथल्याच तळघरात बॉम्ब फुटला होता, त्यातली माणसं. मी हिशेब केला. त्यानंतर दोन आठवड्यांनी १२ मार्च. मी तेव्हा फोर्टात बँकेच्या काउंटरवर होते, शेअर बाजाराचा आवाज आमच्या काचांना बसला होता. त्या दिवशी व्हीटीहून गाडीत कुणी कुणाशी बोललं नव्हतं, हे मला तीस वर्षांनी, इतक्या लांब, पाण्याच्या आवाजात आठवलं. जवळ एक पेअरचं झाड आहे, ढिगाऱ्यातून अर्धमेलं निघालेलं, पुन्हा जगवलेलं. त्याच्याभोवती कुंपण आहे आणि फोटोवाल्यांची गर्दी. मी लांबूनच बघितलं.

तिथून चालत ब्रॉडवेनं सिटी हॉल. आता माझी खरी मोहीम. मुलानं सांगितलेली नव्हे, मी स्वतः वाचून ठेवलेली.

न्यूयॉर्कची सबवे २७ ऑक्टोबर १९०४ला सुरू झाली ती याच सिटी हॉलच्या पोटातून. ते पहिलं स्टेशन त्यांनी दागिन्यासारखं घडवलं होतं. कमानी, रंगीत कौलांच्या फरशा, पितळी झुंबरं, छताला काचेची तावदानं. पण फलाट वळणावर. पुढे डबे लांब झाले आणि वळणावर फलाट नि दरवाजा यांच्यात फट पडायला लागली, म्हणून १९४५च्या ३१ डिसेंबरला स्टेशन बंद केलं. लोहमार्ग मात्र अजून वापरात आहे. सहा नंबरची गाडी ब्रुकलिन ब्रिज स्टेशनला संपते आणि परत फिरण्यासाठी त्या बंद स्टेशनातून वळसा घेते. म्हणजे शेवटच्या स्टेशनला उतरायचं नाही, बसून राहायचं.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. उलटं जाऊन सीट धरणं! आम्ही मस्जिदला चढून व्हीटीला जायचो, तीच गाडी कल्याणला परत निघाली की बसायला मिळायचं. आख्खी मध्य रेल्वे हे करते. न्यूयॉर्कच्या लोकांना त्यासाठी लेख लिहावे लागतात.

गाडी आली, सगळे उतरले, शेवटचं स्टेशन म्हणून घोषणा झाली, आणि मी नेमकी तेव्हाच चढले. डब्यात माझ्याखेरीज कॅमेरावाला एक मुलगा. आम्ही एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं केलं. दरवाजे लागले. चाकं वळणावर किंचाळायला लागली, गाडी मुंगीच्या पावलानं सरकली, आणि उजवीकडच्या काचेतून अंधारातून एक कमान आली. मग दुसरी. हिरव्या-तांबूस फरशांच्या कडा, वरच्या तावदानातून पडलेला दिवसाचा मळका उजेड, रिकामा फलाट, भिंतीवर कोरलेलं सिटी हॉल. अर्धं मिनिट असेल. मग पुन्हा अंधार आणि आम्ही पलीकडच्या फलाटावर. कॅमेरावाला मुलगा म्हणाला, "पुन्हा?" मी मान हलवली. तो राहिला, मी उतरले. तिसरा टॅप.

स्टेशनातून बाहेर आलं की ब्रुकलिनचा पूल समोरच सुरू होतो. लाकडी फळ्यांची वाट, खाली गाड्या, वर तारांचं जाळं. पुलाची गोष्ट अशी. जॉन रोबलिंग यांनी आराखडा केला. पाहणी करताना त्यांचा पाय बोट आणि धक्क्याच्या मध्ये चिरडला आणि १८६९ साली धनुर्वातानं ते गेले. काम मुलानं, वॉशिंग्टननं, हाती घेतलं. नदीच्या तळाशी दाबाच्या हवेच्या पेट्यांत उतरून मजूर खोदत. वर येताना दाब झपाट्यानं उतरला की रक्तात बुडबुडे होत, सांधे जात, माणसं मरत. वॉशिंग्टन रोबलिंगही त्यातच आजारी पडले ते कायमचे. मग घराच्या खिडकीतून दुर्बिणीनं ते काम बघायचे आणि बायको एमिली रोज कामावर जायची. नवऱ्याच्या सूचना इंजिनिअरांना सांगता सांगता ती तारा, वजनं, पोलाद सगळं शिकली. पूल १८८३च्या २४ मेला खुला झाला. त्याआधी घोडागाडीतून पहिल्यांदा पलीकडे गेली ती एमिली, मांडीवर विजयाची खूण म्हणून जिवंत कोंबडा घेऊन. पुलावर तिच्या नावाची पाटी आहे. मी ती शोधली, सापडली. तिच्या पाटीवर नवऱ्याचं आणि सासऱ्याचंही नाव घातलंय. असो.

मध्यावर उभं राहून ठेपले खाल्ले. फोन लावला. "काय झालं?" "हरतोय," हे म्हणाले, "गिलचं शतक झालं, बाकी नुसता आनंद." सहा धावांनी हरलो, ते मला नंतर कळलं.

पलीकडे उतरून डंबोत थोडी भटकले. तिथे एका रस्त्याच्या तोंडाशी मॅनहॅटन ब्रिजचा खांब दोन विटांच्या इमारतींमध्ये बरोब्बर बसतो, आणि रस्त्याच्या मधोमध निदान चाळीस माणसं फोटो काढत उभी असतात. मोटारी त्यांना सांभाळून जातात. दादरला हे करून बघावं.

आता परत मॅनहॅटन, पण थेट वर, ११६व्या रस्त्याला. हाय स्ट्रीटवरून ए गाडी घेतली. इथवर माझं सगळं चोख होतं. फलाटावर मी त्यांच्या गार्डकडे बघत उभी राहिले. इथे गार्ड शेवटच्या डब्यात नसतो, गाडीच्या मध्यावर असतो. प्रत्येक स्टेशनला गाडी थांबली की तो खिडकीतून डोकं काढून समोरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फळीकडे बोट दाखवतो. गाडी बरोबर जागी थांबलीय, दरवाजे उघडायला हरकत नाही, एवढाच अर्थ. बोट दाखवल्याशिवाय दरवाजा नाही. मला त्या बोटाचं इतकं कौतुक वाटलं की पुढच्या गडबडीचं खापर थोडं मी त्याच्यावर फोडते.

नकाशावर ए आणि सी दोन्ही निळ्या. निळ्या रेघेवर ११६वा रस्ता स्पष्ट लिहिलेला. मला वाटलं, झालं, बदलायला नको. मांडीवर पिशवी घेऊन बसले. एकोणसाठाव्या रस्त्याला खूप माणसं उतरली, मला वाटलं, बरं झालं, हवा आली. गाडी सुटली आणि मग थांबेचना. स्टेशनं खिडकीतून फर्रकन जात होती, ७२, ८१, ८६. पोटात एकदम ओळखीचा गोळा आला. ठाण्याला थांबेल म्हणून चढलेल्या नव्या मुलीच्या चेहऱ्यावर तो मी शेकडो वेळा बघितलाय. फास्ट! ए म्हणजे फास्ट, सी म्हणजे स्लो. रंग रस्त्याचा असतो, गाडीचा नव्हे. १०३, ११०, ११६ही गेलं, दिवे, खांब, बाकावर बसलेली एक बाई, आणि थेट १२५. सहासष्ट रस्ते एका दमात.

ज्या बाईनं सदतीस वर्षं नुसत्या आवाजावरून फास्ट-स्लो ओळखली ती! घरी सांगायचं नाही असं ठरवलं होतं, ते असं मोडलं.

आणि त्याहून पुढचं, ते निळ्या रेघेवरचं ११६ माझं नव्हतंच. मॅनहॅटनमध्ये ११६वा रस्ता नावाची चार स्टेशनं आहेत, चार वेगवेगळ्या लाइनींवर, कारण रस्ता एक आणि लाइनी त्याला चार ठिकाणी छेदतात. मला हवं ते ब्रॉडवेवरचं, एक नंबरच्या गाडीचं. एकोणसाठाव्याला बदलायला हवं होतं, जिथे सगळे उतरले तिथे.

बाहेर आले तर हार्लेम, कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. १२५व्या रस्त्याला डॉ. मार्टिन लूथर किंग यांचं नाव आहे, आणि त्याला छेदणाऱ्या आठव्या अव्हेन्यूला गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं. दिशा चुकून आधी पूर्वेला गेले, तेव्हा अपोलो थिएटरचा बोर्ड लागला. इथल्या हौशी कलाकारांच्या रात्री जॅझ गायिका एला फिट्झगेराल्ड १९३४ साली पहिल्यांदा गायली आणि जिंकली. पदपथावर शिया बटर, अत्तरं, टोप्या, पुस्तकं विकणारे. एका टेबलावर अगरबत्त्या होत्या, बंगळूरच्या. मी विचारलं, ब्रॉडवे कुठे? विकणाऱ्या आजोबांनी पश्चिमेला हात केला आणि म्हणाले, "पूल दिसेपर्यंत."

दिसला. रस्त्यावरून पोलादी कमान गेलेली आणि तिच्यावर आभाळात एक नंबरची गाडी उभी. तिथे चढून एक स्टेशन गेले असते तर ११६. पण म्हटलं, चुकलोय तर चालू. ब्रॉडवेनं नऊ रस्ते, अंगावर येणारा चढ.

कोलंबिया विद्यापीठाचं फाटक तेव्हा उघडं होतं. आत कुणी विचारलं नाही. समोर लो लायब्ररीच्या पायऱ्या, त्यांच्या मधोमध आल्मा मातेरचा पुतळा, हात पसरून बसलेली बाई. तिच्या वस्त्राच्या घड्यांत एक घुबड लपलेलं आहे, ते शोधायचं असतं. पायऱ्यांवर मुलं ऊन खात, सँडविच खात, लॅपटॉपवर. मी वरून तिसऱ्या पायरीवर बसले. पाय बोलत होते.

बाबासाहेब इथे आले १९१३च्या जुलैत, बाविसाव्या वर्षी, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. अर्थशास्त्र सेलिग्मनकडे, तत्त्वज्ञान जॉन ड्युईंकडे. एम.ए. १९१५ला. मे १९१६मध्ये इथल्याच एका चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली, असं चरित्रांत येतं. खाणंपिणं वाचवून असणार, शिष्यवृत्तीतून घरीही पैसे जायचे. आणि पुढे, १९४६ साली, त्यांनी इथल्या कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून विचारलं होतं, तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केलाय, त्याची प्रत मिळेल का? ज्या रस्त्यानं मी आत्ता चुकून आले होते, त्या रस्त्याचा आणि या पायऱ्यांचा असाही एक संबंध. १९५२मध्ये कोलंबियानं त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. त्यांचा अर्धपुतळा इथल्या लेहमन ग्रंथालयात आहे. तिथे जायचं तर आधी सोय करून यायला हवी होती, ती मी केली नव्हती.

सहा डिसेंबर. दरवर्षी त्याच्या आधीच्या दोन दिवसांपासून गाड्या भरून यायच्या, दादर ओसंडायचं. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर. डब्यात पाय ठेवायला जागा नसायची आणि आम्ही बँकेतल्या बायका एकमेकींकडे बघून भुवया उंचावायचो. मी घड्याळ बघायचे. एकदा नांदेडहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या पायाशी बसून विचारलं होतं, "बाई, दादर आलं की सांगशील?" मी सांगितलं. इतकंच. नाव विचारलं नाही, जेवलात का विचारलं नाही. दादरला ती उतरली तेव्हा तिची जागा मी घेतली.

पायऱ्यांवर किती वेळ गेला कळलं नाही. ऊन कोपऱ्यात गेलं.

परतीला ११६चं स्टेशन, यावेळी खरं. भिंतीवर कोलंबियाचं चिन्ह असलेल्या जुन्या फरशा. हे स्टेशनही २७ ऑक्टोबर १९०४चंच, त्या पहिल्या दिवशी उघडलेल्या अठ्ठावीस स्टेशनांतलं. सकाळी मी बघितलेलं बंद सिटी हॉल आणि हे ११६, तेव्हा एकाच लाइनीवर होती, गाडी न बदलता. लाइन तोडून निराळ्या दिशांना वळवली ती १९१८मध्ये. म्हणजे बाबासाहेब इथे होते तेव्हा हे स्टेशन दहाएक वर्षांचं, नवं कोरं, आणि इथे बसून ते थेट सिटी हॉलच्या त्या झुंबरांखाली उतरू शकत असणार. भाडं पाच सेंट. १९४८पर्यंत ते पाचच सेंट राहिलं. ते या गाडीनं जायचे की पैसे वाचवायला चालत, हे मला कोण सांगणार. मी फरशीला हात लावून बघितला. गार होती. मागच्या मुलीनं सॉरी म्हणून मला ओलांडलं.

पाचवा टॅप.

सोमवार

शनिवार-रविवार पाय शेकण्यात गेले. रविवारी सिराजनं श्रीलंकेला पन्नासात गुंडाळलं, त्यामुळे ह्यांचा गुडघा सुधारला.

घड्याळाच्या फरकामुळे चतुर्थी तिकडे मंगळवारी आणि इथे सोमवारी. डोंबिवलीच्या घरचा गणपती यंदा दिरांकडे. सकाळीच व्हिडिओवर मूर्ती आणलेली दिसली, जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही नाहीत तर मोदकांच्या कळ्या नीट पडणार नाहीत." ते खरंच आहे. मला घरात बसवेना. "चला," मी ह्यांना म्हटलं, "गणपतीला जाऊ. सबवेनं." ह्यांनी एवढंच विचारलं, "फास्ट का स्लो?" म्हणजे मुलानं सांगितलं होतं.

सात नंबरची जांभळी गाडी मॅनहॅटनच्या पोटातून निघते, नदीखालून क्वीन्समध्ये गेली की वर येते आणि मग फ्लशिंगच्या आधीपर्यंत खांबांवरून धावते. सँडहर्स्ट रोडच्या वरच्या फलाटावरून दिसतं तसं, गच्च्या, वाळत घातलेले कपडे, दुकानांच्या पाट्या स्पॅनिशमध्ये, मग बंगालीत, मग चिनीत. जॅक्सन हाइट्सला साड्यांच्या पिशव्या चढल्या. तिथल्या ७४व्या रस्त्याला कल्पना चावलाचं नाव आहे, ते मला उतरून बघायचं होतं, पण ह्यांना बसायला जागा मिळाली होती आणि मिळालेली जागा आमच्या घरात सोडत नाहीत.

फ्लशिंग शेवटचं स्टेशन. बाहेर पडलं की चीन. भाजीवाले, बदकं टांगलेली, औषधी मुळं, आणि गर्दीचा वेग थेट आपल्या मार्केटचा. तिथून वीस मिनिटं चाललं की बोन स्ट्रीट. हा रस्ता मला न्यूयॉर्कातला सगळ्यात नवलाचा वाटला. जॉन बोन यांचं १६६१चं घर याच रस्त्यावर अजून उभं आहे. तेव्हा हे डचांचं होतं, गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट, आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना घरात जमू द्यायला बंदी. १६५७च्या डिसेंबरात फ्लशिंगच्या साध्या गावकऱ्यांनी अर्ज केला की आम्हाला हे मान्य नाही; त्यांत ज्यू आणि तुर्कांचाही उल्लेख होता. अर्ज करणाऱ्यांना शिक्षा झाल्या. पुढे बोन यांनी क्वेकरांना घरात जागा दिली म्हणून त्यांनाही अटक झाली, हद्दपार केलं. ते हॉलंडला जाऊन दाद मिळवून परत आले. त्या रस्त्यावर आता थोडं पुढे गेलं की गोपुर दिसतं.

श्री महावल्लभ गणपती देवस्थान. कुंभाभिषेक झाला ४ जुलै १९७७ला. दाक्षिणात्य पद्धतीचं, काळ्या पाषाणातली मूर्ती, लोकांची रांग पदपथापर्यंत. बुटांच्या ढिगाऱ्यात ह्यांनी आमचे बूट कोपऱ्यात एकात एक घालून ठेवले, सिद्धिविनायकाला ठेवतात तसे. आत तेलुगू, तमिळ, कन्नड, आणि एका खांबाशी नऊवारीत दोन मुली, हळू आवाजात सुखकर्ता म्हणत होत्या. आम्ही त्यांच्यामागे उभे राहिलो. "नुरवी पुरवी"ला ह्यांचा आवाज नेहमीसारखा सगळ्यांच्या पुढे गेला, मुली मागे वळून हसल्या, आणि मग चौघांनी मिळून, घाईघाईत, पुजाऱ्यांच्या मंत्रांच्या मध्ये मध्ये, ती पूर्ण केली. दुर्गे दुर्घटला वेळ मिळाला नाही.

तळघरात कँटीन आहे. मोदक बघितला, उकडीचा नव्हता. ह्यांचं तोंड पडलं. पेपर डोसा आल्यावर ते सावरलं. सांबार गोड नव्हतं, चटणी ताजी होती, आणि शेजारच्या टेबलावरचा चिनी मुलगा हातानं, चार बोटांत, इतका सफाईदार डोसा खात होता की ह्यांनी काटा बाजूला ठेवला.

परत चालत स्टेशन. सहावा टॅप येताना झाला होता, हा सातवा. बारा काही होणार नव्हते. उद्या सुनेबरोबर मॉल होता, मोटारीनं. जिना उतरलो तर गाडी फलाटावर लागलेली, दरवाजे उघडे, आख्खा डबा रिकामा. मी गुडघ्यामुळे ह्यांना पुढे जायला सांगितलं. मी आत पोचले तेव्हा हे कोपऱ्याच्या सीटवर बसले होते आणि शेजारी प्रसादाची पिशवी ठेवून त्यांनी माझी जागा धरून ठेवली होती.